कोकणातल्या घरासाठी डेस्कटॉप जुळवताना: ३५ हजार, ६० हजार आणि सव्वा लाख

तिवराकाठ (रत्नागिरी)

दरवर्षी जून उजाडला की ओळखीपाळखीतून डेस्कटॉपची विचारणा सुरू होते. कोणाच्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला असतो, कोणी होमस्टेच्या जोडीला व्हिडिओ संपादनाचे काम हाती घेतलेले असते, तर कोणाला झेरॉक्सच्या दुकानात दुसरे मशीन हवे असते. विचारणा मात्र सगळ्यांची एकच असते, की अमुक रकमेत कोणता प्रोसेसर बसेल. समुद्रकाठच्या घरासाठी हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवावा लागतो, असे माझे ठाम मत आहे. शहरातल्या तयार याद्यांमध्ये घरातली वीज स्थिर आहे, खोली कोरडी आहे आणि बिघाड झाल्यास सर्व्हिस सेंटर गावातच आहे, असे धरलेले असते. आपल्याकडे यातले फारच थोडे खरे ठरते. म्हणून पहिले पैसे एसएमपीएससाठी, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यासाठी, बाजूला काढावेत, त्यानंतर बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) ठरवावा आणि उरलेल्या रकमेत प्रोसेसर बसवावा.

एसएमपीएसमुळे मशीनचा वेग वाढत नाही आणि तो डोळ्यांना दिसतही नाही, त्यामुळे काटछाटीची पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असते. परंतु त्याच्या बाजूवरच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. तिथे १६ किंवा १७ अँपिअर असतील तर गुणाकार जेमतेम २०० वॅटचा होतो, आणि आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक याच १२ व्होल्टवर भागते. प्रामाणिक ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ अँपिअरच्या आसपासचा आकडा असतो. दुसरी ओळ वाचायची ती ‘इनपुट’ची. काही मॉडेल २०० ते २४० व्होल्ट एवढ्याच पट्ट्यासाठी बनवलेली असतात, तर काही १०० ते २४० व्होल्टवर चालतात. उन्हाळ्यात संध्याकाळी वाडीतले पंप एकदम सुरू झाले की घरातले दिवे मंदावतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी दुसऱ्या प्रकारचाच घ्यावा. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हे वीज कमी वाया जात असल्याचे प्रमाणपत्र असलेला, पाच वर्षांची वॉरंटी देणारा आणि वजनाला हाताला जाणवणारा एसएमपीएस तिन्ही बजेटांत बसवता येतो, आणि पुढे प्रोसेसर किंवा बोर्ड बदलले तरी तोच वापरता येतो.

आता रकमांकडे वळतो. खालचे तिन्ही आकडे फक्त कॅबिनेट आणि त्याच्या आतल्या भागांचे आहेत. मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस वेगळे धरावेत.

३५ हजारांत ग्राफिक्स कार्डाचा विचारच करू नये. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला इंटेल आय-थ्री १२१०० किंवा एएमडीचा रायझेन ५ ५६००जी यांपैकी एक घ्यावा. पहिल्यात चार कोअर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग, आहेत, दुसऱ्यात सहा. ५६००जीमधले ग्राफिक्स इंटेलच्या तुलनेत स्पष्टपणे सरस आहेत, म्हणून घरात थोडेफार गेम खेळणारे कोणी असेल तर तोच बरा. टॅली, टायपिंग, ऑनलाइन अर्ज आणि अभ्यास एवढेच काम असेल तर १२१०० पुरून उरतो. ५६००जी पीसीआयई (एसएसडी आणि कार्ड जोडण्याचा मार्ग) ३.० पर्यंतच चालतो, त्यामुळे त्याच्यासाठी महागडी जेन-फोर, म्हणजे पीसीआयई ४.० ची, एसएसडी घेण्यात अर्थ नाही. साधी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी) एसएसडी घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यावर पडणारा फरक कोणत्याही नव्या प्रोसेसरपेक्षा मोठा असतो.

याच रकमेच्या आसपास एक सापळाही आहे. तालुक्याच्या बाजारात ‘आय-फाइव्ह कॉम्प्युटर’ म्हणून पंधरा हजारांच्या आत मशीन दाखवले जाते आणि आत पाहावे तर एच-६१ या जुन्या बोर्डावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. आय-फाइव्ह हे नाव ऐकून न थांबता त्यापुढचा पूर्ण क्रमांक कोटेशनवर लिहून मागावा.

६० हजारांत सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी हा पाया धरावा. इथे दोन वाटा आहेत. इंटेल आय-फाइव्ह १२४०० डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी) बोर्डावर स्वस्तात बसतो, मात्र त्याच्या एलजीए १७०० सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर) चौदाव्या पिढीच्या पुढे काही येणार नाही. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला. २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही त्याला आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. रायझेन ५ ७६०० त्याच्यावर बसतो, पण सोबत नव्या पिढीची डीडीआर५ रॅम घ्यावीच लागते. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव दुपटीहून अधिक वाढले, आणि क्रुशियल या नावाने ग्राहकांना रॅम व एसएसडी विकणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये तो व्यवसाय बंद करत असल्याचे सांगितले. त्यामुळे वर्षभरापूर्वीच्या याद्यांवर विसंबू नये. रॅमचा भाव खरेदीच्या आठवड्यातच पाहावा आणि तो अंगावर येत असेल तर डीडीआर४ ची वाट धरण्यात काहीही कमीपणा नाही.

सव्वा लाखाच्या मशीनमध्ये काम कोणते हे कळल्याशिवाय एकही भाग सुचवू नये, असे मला वाटते. ज्यांना या रकमेचे मशीन हवे आहे त्यांनी आपले काम प्रतिसादात लिहावे.

कुडाळची पडवी

धागा अतिशय उपयुक्त आहे. मुलीला संगणक अभियांत्रिकीला सिंधुदुर्गातच प्रवेश मिळतो आहे, त्यामुळे ती घरूनच जाऊन-येऊन शिकेल आणि मशीन घरातच राहील. आमची मर्यादा ६० हजारांची आहे. दुकानदारांनी १२४००एफ हा प्रोसेसर सुचवला आहे. तो १२४०० पेक्षा स्वस्त आहे आणि वाचलेल्या पैशांत एक छोटे ग्राफिक्स कार्ड बसते, असे ते म्हणतात. हा हिशेब बरोबर आहे का? दुसरे असे, की १६ जीबीची एक पट्टी घ्यावी की ८ जीबीच्या दोन?

तिवराकाठ (रत्नागिरी)

‘एफ’ अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतात, बाकी दोन्ही सारखेच आहेत. त्यामुळे कार्ड बिघडले की पडद्यावर काहीच येत नाही आणि मशीन पूर्ण बंद राहते. कार्ड वॉरंटीसाठी पुण्या-मुंबईला गेले की ते परत येईपर्यंत किती दिवस जातील हे कोणी सांगू शकत नाही, आणि नेमकी त्याच काळात मुलीची परीक्षा असू शकते. साधा १२४०० असेल तर केबल बोर्डाला जोडून त्याच मिनिटाला काम पुढे चालू होते. कोकणातल्या घरासाठी थोड्या बचतीपोटी ही सोय सोडू नये. पहिल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कार्डाची गरज पडत नाही. तिसऱ्या वर्षी मशीन लर्निंगकडे ओढा निर्माण झाला तर तेव्हा जास्त मेमरीचे कार्ड घ्यावे. आज फक्त एसएमपीएस ५५० वॅटचा घेऊन ठेवावा, म्हणजे तो पुन्हा बदलावा लागणार नाही.

रॅमचे उत्तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर अवलंबून आहे. त्या ग्राफिक्सना स्वतःची मेमरी नसते, ते मशीनचीच रॅम वापरतात, आणि पट्टी एकच असेल तर डेटाची वाट निम्मी होते. ५६००जीसारखा प्रोसेसर घेऊन गेम खेळायचे असतील तर दोन पट्ट्यांशिवाय पर्याय नाही. तुमच्याकडे १२४०० येणार आहे आणि मुख्य काम प्रोग्रॅमिंगचे आहे. १२४०० साठीच्या एच-६१० या स्वस्त बोर्डावर रॅमच्या दोनच जागा असतात आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्यांनी त्या भरून जातात. मी तुमच्या जागी १६ जीबीची एक पट्टी घेतली असती आणि भाव उतरल्यावर दुसरी तशीच जोडली असती. बिलावर रॅमचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे दुसरी पट्टी जुळती मिळेल.

खाडीपलीकडे (गुहागर)

माझे डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे केंद्र आहे. कोरलड्रॉ, फोटोशॉप, पत्रिका, फ्लेक्स आणि दाखले असे काम चालते. दुसऱ्या मशीनसाठी मला ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणून जीटी ७३० सुचवले गेले आहे. त्याने फ्लेक्सच्या मोठ्या फायली लवकर उघडतील का?

यासोबत एक अनुभव लिहितो. आमचे दुकान खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात मशीन सुरू होताना बीप देऊन थांबले की आम्ही रॅम काढतो, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवतो, ब्रशने चुरा झाडतो आणि परत बसवतो. बहुतेक वेळा मशीन सुरू होते. जे मशीन रोज चालते त्याला हा त्रास कमी होतो आणि आठवडाभर बंद राहिलेल्याला हटकून होतो.

तिवराकाठ (रत्नागिरी)

जीटी ७३० हे २०१४ मधले कार्ड आहे. आजच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स त्याच्या तोडीचे किंवा त्याहून सरस आहेत, त्यामुळे त्या पैशांत काहीही पदरात पडणार नाही. कार्डावरचे ‘४ जीबी’ हे फक्त साठवणीचे माप आहे, वेगाचे नव्हे. फ्लेक्सची मोठी फाइल उघडायला रॅम आणि एसएसडी लागते. १२१०० किंवा १२४००, १६ जीबी रॅम आणि फोटोशॉपची तात्पुरती साठवण एसएसडीवर, एवढे केले तर तुमचे काम सुरळीत चालेल. वाचलेले पैसे आयपीएस (रंग अधिक खरे दाखवणाऱ्या) मॉनिटरवर घालावेत, कारण पडद्यावर दिसलेला रंग आणि छापून आलेला रंग यांतल्या तफावतीवरून गिऱ्हाइकाशी होणारे वाद स्वस्त मॉनिटरमुळे वाढतात.

रोज चालणाऱ्या मशीनबद्दलचे तुमचे निरीक्षण अगदी योग्य आहे. चालू मशीनची ऊब आतला ओलावा जमू देत नाही. म्हणूनच सुट्टीतही दिवसाआड अर्धा-एक तास मशीन चालू ठेवावे. बंद मशीनवर प्लॅस्टिकचे आवरण घट्ट गुंडाळण्याची पद्धत मात्र सोडावी, कारण त्याने ओलावा आत कोंडला जातो; सुती कापड पुरेसे आहे. कॅबिनेट घेताना मागच्या रिकाम्या जागा झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या शाबूत आहेत का ते पाहावे. त्या फटींतून पाली आणि मुंग्या आत शिरतात.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मी वीजकामाचा ठेकेदार आहे, म्हणून एसएमपीएसच्याही आधीची एक गोष्ट मांडतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक लोक मशीनला दोष देतात. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याला जोडलेले असतात. घराचे अर्थिंग नीट असेल तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्म्याएवढे व्होल्टेज उभे राहते. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे माणसाला सहसा इजा होत नाही, पण पेनड्राइव्ह, प्रिंटर आणि मॉनिटर जोडताना त्यांचे नुकसान होऊ शकते. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, घरांत हे फार आढळते, कारण जांभ्याच्या कातळात ओल टिकत नाही आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. कोळसा आणि मीठ घालून खड्डा नवा करावा आणि एप्रिल-मेमध्ये त्यात नियमित पाणी घालावे. मल्टिमीटरने प्लगमधला न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला व्होल्टेज मोजावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असला पाहिजे. झिणझिण्या थांबवण्यासाठी काही जण प्लगमध्येच न्यूट्रलला अर्थिंगशी जोडतात. हे कधीही करू देऊ नये. न्यूट्रलची तार कुठे तुटली तर संपूर्ण पत्र्यात करंट उतरतो आणि त्याने जीव जाऊ शकतो.

स्पाइक गार्डही अर्थिंगवाचून फारसा उपयोगाचा नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग तर काढावाच, पण इंटरनेटची लॅन केबलही काढावी. माडांवरून ओढलेल्या तांब्याच्या तारेतून आलेला झटका सरळ बोर्डात शिरतो.

माझा मतभेद एकाच ठिकाणी आहे. घरात साईन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस कशाला? तेवढे पैसे वाचले तर ३५ हजारांच्या मशीनवाल्याला १६ जीबी रॅम घेता येते.

तिवराकाठ (रत्नागिरी)

अर्थिंगचा मुद्दा मूळ लेखातच असायला हवा इतका महत्त्वाचा आहे. सर्वांनी तो आधी वाचावा.

इन्व्हर्टरविषयी माझे म्हणणे असे आहे. वीज गेल्यावर एसएमपीएस साठवलेल्या विजेवर सुमारे १६ मिलिसेकंद मशीन धरून ठेवतो, तेही तो चांगल्या प्रतीचा असेल तर. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असते. ते ‘यूपीएस’वर असेल तर बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो आणि मशीन तग धरते, ‘नॉर्मल’वर असेल तर ते बंद पडते. अडचण अशी, की त्या बटणावर व्होल्टेजचा पट्टाही अरुंद होतो, आणि जिथे व्होल्टेज सतत खालीवर होते तिथे इन्व्हर्टर दर थोड्या वेळाने बॅटरीवर जातो. चिपळूण शहरात तुमचा मार्ग चालेल. आडगावात मात्र व्होल्टेज सावरणारा ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्यावा. त्याची क्षमता साधारण ३६० वॅट असते; ग्राफिक्स कार्ड नसलेले मशीन आणि मॉनिटर त्यावर आरामात चालतात. प्रिंटर त्यावर जोडू नये, लेझर प्रिंटर तर मुळीच नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बटणामागचे कारण पटले. २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही पाहिला आहे, म्हणून नदीकाठच्या आणि बाजारपेठेतल्या लोकांसाठी एवढेच जोडतो, की कॅबिनेट आणि यूपीएस जमिनीवर ठेवू नयेत आणि केबलींची लांबी अशी ठेवावी की सगळे सोडवून चटकन माळ्यावर नेता येईल. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवलेल्या डिस्कवर असावी.

चिरेबंदी (सावंतवाडी)

मी वास्तुरचनेची कामे करतो. ऑटोकॅड, स्केचअप आणि घराची चलचित्रे तयार करण्यासाठी एन्स्केप वापरतो. जागेचे ड्रोनने केलेले चित्रीकरण प्रीमिअर प्रोमध्ये संपादित करतो. मर्यादा सव्वा लाखाची आहे. एका मित्राच्या मते सर्वाधिक कोअरचा प्रोसेसर आणि पाण्याने थंड होणारा कूलर घ्यावा. आपले मत काय?

तिवराकाठ (रत्नागिरी)

तुमच्या कामांत प्रत्येक सॉफ्टवेअर मशीनच्या वेगळ्या भागावर भार टाकते, म्हणून मित्राचा सल्ला मला पटत नाही. ऑटोकॅड आणि स्केचअप बहुतेक काम एकाच कोअरवर करतात, त्यांना कोअरची संख्या वाढवून फरक पडत नाही. एन्स्केप सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकते. ड्रोनचे १० बिट एच.२६५ (दाबून साठवलेले) चित्रीकरण उलगडण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधले क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचा खास भाग, फार उपयोगी पडते, आणि ते ‘एफ’ मॉडेलमध्ये नसते.

म्हणून आय-फाइव्ह १४४०० किंवा त्याच्या जवळचा, ‘एफ’ नसलेला प्रोसेसर, बी-७६० बोर्ड, ३२ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई आणि उरलेल्या पैशांत बसेल ते सर्वांत जास्त मेमरीचे एनव्हिडिया कार्ड, असा क्रम मी लावेन. ८ जीबीचे आरटीएक्स ५०६० आवाक्यात येते. १६ जीबीचे ५०६० टीआय बसवता आले तर एन्स्केपमध्ये मोठी दृश्ये उघडताना त्याचा फायदा नक्की जाणवेल. त्यासाठी बोर्ड थोडा साधा घ्यावा लागला तरी चालेल, एसएमपीएस मात्र ६५० वॅटच्या खाली आणू नये. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरांमध्ये व्होल्टेजमुळे अस्थिरता आढळली होती आणि कंपनीने २०२४ मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली. ती बायोसमधून (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) येते, त्यामुळे दुकानातच बोर्डाचे बायोस अद्ययावत करून घ्यावे.

पाण्याचा कूलर घेऊ नये. आपल्या खोल्यांत एसी नसतो, आणि कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. एक चांगला हवेचा कूलर, समोर जाळी असलेले कॅबिनेट, पुढे दोन आणि मागे एक पंखा एवढे या प्रोसेसरला पुरते. हवेच्या कूलरचा पंखा बिघडला तर तो सावंतवाडीतही मिळतो. पाण्याचा पंप बिघडला तर पूर्ण संच परत पाठवावा लागतो.

देवगडची वाट

३५ हजारांच्या खाली ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेली जुनी मशीनही विचारात घ्यावीत. डेल ऑप्टिप्लेक्स ७०६० किंवा एचपी एलीटडेस्क ८०० जी४ मध्ये आठव्या पिढीचा प्रोसेसर असतो, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालते आणि बहुतेकदा विंडोजचा परवानाही सोबत येतो. आमच्या वाचनालयात असे एक मशीन उत्तम चालू आहे.

तिवराकाठ (रत्नागिरी)

अभ्यासासाठी आणि वाचनालयासाठी हा पर्याय मला मान्य आहे, आणि एच-६१ च्या सापळ्यापेक्षा तो शतपटीने चांगला आहे. घेताना एवढेच लक्षात ठेवावे, की या मशीनमधले एसएमपीएस आणि बोर्ड त्या कंपनीच्या खास मापाचे असतात, बाजारातला साधा एसएमपीएस सहसा त्यांत बसत नाही. वाढवत नेण्यासाठी हे मशीन घेऊ नये, आहे तसे वापरण्यासाठी घ्यावे. आतली एसएसडी जुनी असेल तर नवी घालावी.

कुडाळची पडवी

शेवटचा प्रश्न खरेदीचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जाऊन आणावे, ऑनलाइन मागवावे की गावातल्या दुकानातून घ्यावे?

तिवराकाठ (रत्नागिरी)

एसएमपीएस, बोर्ड आणि मॉनिटर हे तीन भाग गावातल्या दुकानातून घ्यावेत, कारण बिघाडाची शक्यता त्यांच्यातच अधिक असते आणि वॉरंटीसाठी पाठवण्याची दगदग दुकानदार उचलतो. त्यासाठी थोडे अधिक पैसे गेले तरी ते योग्य ठिकाणी जातात. प्रोसेसर क्वचितच बिघडतो. तो आणि एसएसडी जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यावेत, परंतु प्रोसेसर खोक्यातलाच घ्यावा. सुटा मिळणारा, म्हणजे ‘ट्रे’चा प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्याला खोक्यातल्या प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी नसते. सगळ्यांचे जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल क्रमांक लिहून घ्यावा.

मुंबईहून जुळवलेले मशीन आणायचे असेल तर रेल्वेने किंवा रात्रीच्या बसने आणताना ग्राफिक्स कार्ड आणि मोठा कूलर काढून वेगळ्या खोक्यांत ठेवावेत, कारण घाटातल्या धक्क्यांनी कार्डाच्या वजनाने बोर्डावरची खाच तुटते. घरी आणल्यावर लगेच सुरू करू नये. एसी डब्यातून दमट हवेत आलेल्या पत्र्यावर दव धरते, म्हणून खोके उघडून मशीन तीन-चार तास तसेच राहू द्यावे आणि मगच प्लग लावावा.